कुंपणाआधीचं गाव

पीटरबरो शहरातून वायव्येला निघालं की साधारण सात मैलांवर हेल्पस्टन लागतं. वस्ती हजाराच्या आसपास. घरं पिवळसर-करड्या चुनखडी दगडाची, काहींची छपरं गवताने शाकारलेली. सेंट बोटॉल्फचं जुनं चर्च, चौकात चौदाव्या शतकातला दगडी क्रॉस, एक प्राथमिक शाळा आणि ‘ब्लू बेल’ नावाचं पब. गावाबाहेर रेल्वेचं फाटक आहे. लंडन-एडिंबरो मार्गावरच्या भरधाव गाड्या तिथून जातात, पण थांबत एकही नाही. गावचं छोटं स्टेशन १९६६ साली बंद झालं. गावाच्या दक्षिणेला जमीन हळूहळू चढत जाते, तिथे चुनखडीचा माळ आणि रानं. उत्तरेला आणि पूर्वेला मात्र ‘फेन्स’ सुरू होतात. शतकानुशतकं पाण्याखाली असलेली, चर खणून कोरडी केलेली ती सपाट जमीन नजर पोचेल तिथवर पसरलेली आहे. माळ आणि दलदल यांच्या सांध्यावर वसलेलं हे गाव.

इंग्लंडमधल्या बहुतेक खेड्यांचा इतिहास विचारला की जमीनदाराची हवेली, चर्चचे धर्मगुरू आणि एखादी लढाई एवढंच हाती लागतं. लढाई हेल्पस्टनच्या वाट्यालाही आली होती: गावाजवळच्या वुडक्रॉफ्टच्या खंदकवाल्या गढीत १६४८ साली यादवी युद्धातली एक क्रूर चकमक झाली. पण हेल्पस्टनचं मोल त्यात नाही. शेतमजुराच्या डोळ्यांनी पाहिलेला आणि शेतमजुरानेच लिहून ठेवलेला गावाचा इतिहास इथे आहे. असं भाग्य इंग्लंडमध्ये फार थोड्या गावांना लाभलं. तो लिहिणारा जॉन क्लेअर. जन्म १३ जुलै १७९३, याच गावात, पबशेजारच्या घरात. त्याच्या जन्माच्या वेळचं गाव आणि तो तिशीत पोचला तेव्हाचं गाव, यांच्यामध्ये एक कायदा उभा होता.

तो कायदा कळायला आधीची शेती डोळ्यांसमोर आणावी लागते. हेल्पस्टनभोवती तीन अवाढव्य शेतं होती. त्यांना कुंपण नव्हतं. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांमध्ये विभागलेलं. एकेका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांमध्ये विखुरलेले. दोन शेतांत पीक घ्यायचं आणि तिसरं पडीक ठेवायचं, दरवर्षी आलटून पालटून. कधी पेरायचं, कधी कापायचं हे गावाने मिळून ठरवायचं, कारण कापणी उरकली की त्या सगळ्या शेतात गावची गुरं-मेंढरं चरायला सुटत. शिवाय दक्षिणेचा माळ आणि उत्तरेची पाणथळ कुरणं ही गायरानं. ज्यांच्या घराला चराईचा हक्क असे त्यांची गाय तिथे चरे. ज्यांना हक्क नव्हता, तेही सरपण गोळा करत, रानफळं तोडत, कापलेल्या शेतात सरवा वेचत. कागदावर या गोष्टींना हक्क म्हणता आलं नसतं. पण गरिबाच्या घरातला हिवाळा त्यांच्यावरच निघत असे.

क्लेअरच्या घरात तर तो कसाबसाच निघे. बाप पार्कर क्लेअर मळणीचं काम करणारा मजूर. शंभरावर लोकगीतं तोंडपाठ असलेला, पबमध्ये गाणी म्हणणारा. आई अ‍ॅन निरक्षर. जॉनची जुळी बहीण तान्हेपणीच गेली. परसात सफरचंदाचं एक झाड होतं, त्याची फळं विकून घराचं भाडं सुटत असे. ज्या वर्षी झाड फळलं नाही त्या वर्षी भाडं थकलं. पोराला खळ्यावर नेता यावं म्हणून बापाने त्याच्या हाताला पेलेल असा हलका मळणीचा दांडका बनवला होता. वर्षातले थोडे महिने जॉन शेजारच्या ग्लिंटन गावात शिकायला जाई. तिथल्या चर्चचा उंच निमुळता मनोरा आजही मैलोगणती लांबून दिसतो. पुढे पबच्या मालकाकडे तो गुरं राखायला आणि नांगरटीला राहिला. तेराव्या वर्षाच्या सुमारास दीड शिलिंग जमवून त्याने स्टॅमफर्डहून ऋतूंवरचं एक कवितेचं पुस्तक आणलं. मजुराच्या पोराला चारचौघांत वाचायची चोरी, म्हणून बर्ली हाउसच्या बागेची भिंत ओलांडून तो आत गेला आणि तिथे बसून त्याने ते वाचलं.

त्याच्या आठवणींतला एक प्रसंग सांगायलाच हवा. लहान असताना एकदा त्याच्या मनात आलं, की जिथे आभाळ जमिनीला टेकतं तिथे जगाचा शेवट असणार आणि एका दिवसात चालत तिथवर जाता येईल. तो निघाला. एमन्सेल्स हीथ नावाच्या विस्तीर्ण माळावर पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांतून चालत राहिला. हळूहळू ओळखीची झाडं संपली. फुलं, पाखरं आपल्याला ओळखत नाहीत असं त्याला वाटू लागलं. सूर्यही आभाळाच्या भलत्याच कोपऱ्यात आला आहे असा भास झाला. संध्याकाळी कसाबसा परतला तेव्हा आईबाप आणि अर्धं गाव त्याला शोधत होतं. त्या पोराला दिवसभर चालताना वाटेत एकही कुंपण आडवं आलं नाही, याची नोंद त्याने मुद्दाम केलेली नाही. तेव्हा ती नोंदण्यासारखी गोष्टच नव्हती.

१८०९ साली लंडनच्या पार्लमेंटने हेल्पस्टन आणि शेजारच्या गावांसाठी एन्क्लोजरचा, म्हणजे कुंपणबंदीचा कायदा मंजूर केला. असे कायदे गावोगाव होत होते. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडमध्ये अशी पाच हजारांहून अधिक विधेयकं आली आणि त्यांतून सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त झाली. पद्धत ठरलेली. कमिशनर यायचे, मोजणीदार साखळ्या टाकून मोजणी करायचे, विखुरलेले पट्टे एकत्र करून ज्याच्या त्याच्या नावाने सलग शेत द्यायचे, गायरान वाटून टाकायचे. मग प्रत्येकाने आपल्या वाट्याला कुंपण घालायचं. हेल्पस्टनचं काम दहा वर्षांहून अधिक चाललं आणि शेवटचा निवाडा १८२० मध्ये झाला. तोवर क्लेअर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा झाला होता. त्याची सगळी उमेदीची वर्षं गावाचे तुकडे पडताना बघण्यात गेली.

नुसतं बघण्यात नाही. चर खणायला, काटेरी झुडपांची कुंपणं लावायला जे मजूर हवे होते त्यांच्यात तोही होता. ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला, ते बंद करायची मजुरी त्यानेच घेतली. पोट होतं, दुसरं काम नव्हतं. त्याच्या कवितेतली कळ एवढी खोल का जाते याचं उत्तर मला इथे सापडतं.

ओढे सरळ केले गेले, जुनी झाडं तोडली गेली. कवीच्या घरामागच्या दोन एल्म वृक्षांवरही कुऱ्हाड पडणार असल्याचं त्याने १८२१ मध्ये प्रकाशकाला कळवलं, तेव्हा त्या पत्रात घरातलं माणूस जात असल्याची वेदना आहे. वळणाच्या पाऊलवाटा नांगराखाली गेल्या. जिथे तिथे ‘आत येण्यास मनाई’च्या पाट्या लागल्या. आता पक्ष्याचं घरटं बघायला वाकलेला मजूर रखवालदाराला शिकारचोर दिसू लागला. वाट सोडून गवतात पाऊल टाकताना मालक येईल ही धास्ती क्लेअरच्या मनात कायमची बसली. लँग्ली बुश नावाचं एक जुनं काटेझाड होतं. पूर्वी तिथे परगण्याचा न्यायनिवाडा व्हायचा, जिप्सींचे तळ पडायचे. तेही मोडलं गेल्याची नोंद त्याच्या १८२४ च्या रोजनिशीत आहे.

इतिहासकारांमध्ये या बाबतीत मतभेद आहेत. कुंपणबंदीने धान्य वाढलं, बांधबंदिस्तीने मजुरांना कामही मिळालं, आणि क्लेअर कुटुंबाच्या नावावर जमीन वा चराईचा हक्क नव्हताच, मग त्यांचं गेलं काय, असा एक युक्तिवाद आहे. जॉन बॅरल या अभ्यासकाने १९७२ च्या आपल्या पुस्तकात हेल्पस्टनची बारकाईने तपासणी केली आणि वेगळाच मुद्दा काढला: जुनं गाव स्वतःभोवती गोल फिरणारं होतं, त्याच्या वाटा शेताकडे जाऊन पुन्हा गावात येत, नव्या सरळ रस्त्यांनी त्याला बाहेरच्या बाजारपेठेला जोडलं. जे. एम. नीसन यांनी मात्र १९९३ मध्ये, हेल्पस्टन तेव्हा ज्या नॉर्थॅम्प्टनशर काउंटीत होतं तिथल्याच कागदपत्रांवरून दाखवलं, की गायरान गेल्यावर छोट्या माणसांचा आधार खरोखरच तुटला. मला नीसन यांचं म्हणणं पटतं. दप्तरात नोंद नसलेल्या वहिवाटीला भरपाई मिळत नाही. ज्याचं गेलं त्याच्याकडे आपलं काही होतं हे सिद्ध करणारा कागद नव्हता, म्हणून त्याचं काही गेलंच नाही असं म्हणणं हा अन्याय दुसऱ्यांदा करणं आहे.

कुंपणबंदीचा निवाडा झाला त्याच १८२० च्या जानेवारीत क्लेअरचं पहिलं पुस्तक निघालं. कीट्सचा प्रकाशक जॉन टेलर यानेच ते काढलं. वर्षभरात चार आवृत्त्या आणि तीन हजारांवर प्रती. कीट्सला जिवंतपणी असं यश दिसलं नाही. ‘शेतकरी कवी’ म्हणून लंडनमध्ये त्याचा बोलबाला झाला. हेल्पस्टनला बघ्यांच्या बग्ग्या येऊ लागल्या. शेतातून त्याला बोलावणं जाई, तो मातीच्या हातांनी घरी येई आणि पाहुण्यांच्या गप्पांत त्याची दिवसाची मजुरी बुडे. मदत करणारे उमराव होते. मार्क्विस ऑफ एक्सेटरने वर्षाला १५ पौंडांची नेमणूक दिली. पण लॉर्ड रॅडस्टॉक या आश्रयदात्याला गावावरच्या कवितेतल्या श्रीमंतीला शाप देणाऱ्या ओळी खुपल्या, आणि त्या पुढच्या आवृत्तीतून काढाव्या लागल्या. फुलांवर लिही, कुंपणावर लिहू नकोस, असाच त्याचा अर्थ.

त्याने दोन्हींवर लिहिलं. पाखरांबद्दल तर असं लिहिलं की पक्षिशास्त्राचे अभ्यासक आजही त्याच्या नोंदी वापरतात. कुठल्या पक्ष्याचं घरटं जमिनीपासून किती उंचीवर, आत मॉस की केस, अंड्यांवर ठिपके कसे, हे तो जवळून बघून सांगतो. कीट्सबद्दल त्याला आदर होता, पण कीट्स शहरात वाढलेला असल्याने निसर्ग डोळ्यांनी पाहण्याऐवजी कल्पनेने रंगवतो, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. क्लेअरचं ज्ञान चालण्यातून आलं होतं. रोज तीच वाट, तेच झाड, तोच ओढा.

म्हणूनच १८३२ मधलं स्थलांतर त्याला सोसलं नाही. सहा मुलं, कर्ज, घटता खप. हितचिंतकांनी त्याला नॉर्थबरोत मोठं घर आणि थोडी जमीन मिळवून दिली. हेल्पस्टनपासून अंतर फक्त तीन मैल. बायको पॅटी आणि मुलांसाठी ती चांगली सोय होती. पण नॉर्थबरो फेन्सच्या बाजूला, सपाट. तिथली रानफुलं वेगळी, पाखरं वेगळी. त्याच्या मनाचा तोल आधीपासूनच ढळत होता, तो आता सुटत गेला. १८३७ मध्ये त्याला लंडनजवळ एपिंग जंगलातल्या मनोरुग्णालयात ठेवलं.

चार वर्षांनी, जुलै १८४१ मध्ये, तो तिथून निघाला आणि चालत घराकडे आला. सुमारे ऐंशी मैल, चार दिवस. खिशात पैसा नाही, बुटांचे तळ फाटलेले. रात्री झोपताना डोकं उत्तरेकडे करायचं, म्हणजे सकाळी दिशा चुकणार नाही. तिसऱ्या दिवशी भुकेने रस्त्याकडेचं गवत खाल्लं. त्याची चव भाकरीसारखी लागली असं त्याने लिहिलं आहे. पीटरबरोला पोचण्याआधी गाडीतून जाणाऱ्या हेल्पस्टनच्या जुन्या शेजाऱ्यांनी त्याला ओळखलं आणि आपसांत वर्गणी काढून पाच पेन्स दिले. पुढे एका गाडीतून एक बाई उतरली आणि तिने त्याचे हात धरले. त्याला वाटलं ही प्यायलेली असावी. ती पॅटी होती. तो निघाला होता मेरी जॉइसकडे, ग्लिंटनच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, आणि ती १८३८ मध्येच आगीत भाजून गेली होती. लोकांनी सांगितलं, त्याने विश्वास ठेवला नाही.

त्याच डिसेंबरात त्याला नॉर्थॅम्प्टनच्या रुग्णालयात नेलं. दाखल करताना डॉक्टरांनी आजाराच्या कारणात वर्षानुवर्षांच्या कवितागिरीचा उल्लेख केला. तिथे तो बावीस वर्षांहून जास्त राहिला, बरंचसं लिहिलं; रुग्णालयाच्या कारभाऱ्याने ते उतरवून घेतलं म्हणून वाचलं. २० मे १८६४ ला तो गेला. शव रेल्वेने हेल्पस्टनला आणलं. विशेष म्हणजे १८२५ मध्ये रॉइस वुडच्या कडेला रेल्वेमार्गाची आखणी करणारी माणसं पाहून हे रान आता उद्ध्वस्त होणार अशी भीती त्याने रोजनिशीत लिहिली होती. चर्चच्या दक्षिणेला आईबापाजवळ त्याची कबर आहे. दगडावर कोरलंय की कवी जन्मावा लागतो, घडवता येत नाही. मला ते पटत नाही. या कवीला एमन्सेल्सच्या माळाने आणि बापाच्या गाण्यांनी घडवलं.

पुढचं शतक गावाला शांततेचं गेलं, शहराला नाही. पीटरबरोत विटांचा धंदा वाढला. १९५० च्या दशकात दक्षिण इटलीतून मजूर भट्ट्यांवर आले, मागाहून भारत-पाकिस्तानातली कुटुंबं आली. १९६७ मध्ये सरकारने पीटरबरोला ‘न्यू टाऊन’ ठरवलं आणि शहर पसरत निघालं. आज तिथली लोकसंख्या दोन लाखांच्या वर आहे. हेल्पस्टन प्रशासकीयदृष्ट्या त्याच शहराच्या हद्दीत येतं. नोकरी शहरात आणि घर गावात असा इथल्या अनेकांचा रिवाज. ज्या दगडी खोपटांत मजुरांची चार कुटुंबं कोंबलेली असत, ती आज मजुराच्या पगारात येणारी नाहीत. हाही बंदिस्तीचाच एक प्रकार आहे, फक्त याला झुडपं लागत नाहीत.

क्लेअरचं घर मात्र सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या नावाच्या न्यासाने ते २००५ मध्ये विकत घेतलं आणि २००९ मध्ये लोकांना पाहायला उघडलं. पण मला घरापेक्षाही मोलाची वाटते ती स्वॉर्डी वेल, आजचं नाव स्वॉडीवेल पिट. रोमन काळापासूनची ही दगडाची खाण. क्लेअरच्या लहानपणी ती गवताळ, फुलांनी भरलेली, कोणीही यावं अशी जागा होती. कुंपणबंदीत ती रस्त्यांच्या खडीसाठी गावकीच्या कारभाऱ्यांना देऊन टाकली. क्लेअरने त्यावर कविता लिहिली आणि ती जमिनीच्याच तोंडून वदवली: मला ओरबाडलं, मी गावाच्या धर्मादायावर जगणाऱ्या भिकाऱ्यासारखी झाले, असं गाऱ्हाणं जमीनच मांडते. पुढे तिथे दगड काढून झाला, मग कचरा टाकून झाला. आणि २००३ मध्ये आसपासच्या गावकऱ्यांच्या लँगडाइक ट्रस्टने ती घेतली. आज तिथे ऑर्किड फुलतात, पाण्याच्या डबक्यांवर चतुर उडतात, मेंढ्या चरतात. दोनशे वर्षांनी गावाने आपल्या गायरानाचा एक तुकडा परत मिळवला. तो तुकडा लहान आहे, पण त्यावर राबणारे हात स्थानिकांचेच.

कुंपणांची कहाणी तर आणखी गुंतागुंतीची झाली. ज्या काटेरी रांगांनी क्लेअरचं गाव बंद केलं, त्या आता दोनशे वर्षांच्या जुन्या झाल्या. त्यांत पाखरं घरटी करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या यंत्रांना जागा हवी म्हणून इंग्लंडभर त्या उपटल्या जाऊ लागल्या, तेव्हा निसर्गप्रेमींनीच त्या वाचवायची लढाई केली आणि १९९७ पासून बहुतेक ग्रामीण कुंपणं काढायला परवानगी घ्यावी लागते. क्लेअर आज असता तर, मला वाटतं, त्यानेही घरट्यांसाठी त्या राखल्या असत्या आणि पाट्या मात्र काढायला लावल्या असत्या.

हे सगळं लिहिताना इंदापूर आठवत राहतं. हेल्पस्टनचा निवाडा झाला त्याच्या आधी दोन वर्षं पेशवाई संपली आणि त्याच राज्यकर्त्यांचे मोजणीदार साखळ्या घेऊन दख्खनमध्ये उतरले. प्रिंगल या अधिकाऱ्याची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरापासून नव्याने सुरुवात केली. इथे गायरान वाटून टाकलं नाही, ते राखून ठेवलं; ही गोष्ट इंग्लंडच्या मजुराला मिळाली नाही. आपल्याला मिळालेली ती गायरानं आज कुठे आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या सात-बारावर पाहावं.

क्लेअरला राष्ट्राने उशिरा का होईना जवळ केलं. १९८९ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याच्या स्मृतिफलकाचं अनावरण झालं. पण हेल्पस्टनने त्याची आठवण त्याला रुचेल अशी ठेवली आहे. दरवर्षी जुलैत, त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास, जॉन क्लेअर प्राथमिक शाळेची मुलं गवताची चौकोनी ढेकळं कापून त्यांत रानफुलं खोचतात आणि कबरीभोवती ओळीने मांडतात. ही प्रथा जुनी, गावची. उन्हाळ्यात मजुरांच्या घरोघरी अशा फुलांच्या उशा ठेवत असत आणि क्लेअरने आपल्या एका हस्तलिखिताला तिचंच नाव दिलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर कुठे डेझी, कुठे पिवळं बटरकप, कुठे कुणीतरी परसातलाच गुलाब घुसडलेला, आणि ढेकळाखालून ओघळलेली ओली काळी माती दगडावर.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून पीटरबरोला आगगाडी तासाभरात पोचते. आपल्याकडचे पुष्कळ लोक मुलांकडे तिकडे जातात आणि स्ट्रॅटफर्ड, लेक डिस्ट्रिक्ट पाहून येतात. या खेपेला एक दिवस हेल्पस्टनला द्या. घर पाहा, कबर पाहा, पण तेवढ्यावर परत फिरू नका. चर्चपासून दक्षिणेची पाऊलवाट धरा आणि स्वॉडीवेलपर्यंत चालत जा. ती वाट सार्वजनिक आहे, तिच्यावरून कोणीही चालू शकतं.